डब्यातला परग्रहवासी

हेमराजच्या यूट्यूबवरच्या विनोदी विज्ञान मालिकेत मी अकरा आठवडे परग्रहवासी होतो. बजेट नसल्यामुळे पाठीवरचा फवारणीचा पंप हे रॉकेट आणि डोक्यावरचा तेलाचा डबा हे शिरस्त्राण. हसू कुणालाच आलं नाही. आमच्या कोरीट गावची माणसं मालिका बघायची ती कुणाची केळीची बाग पडद्यावर आली हे ओळखायला.

फक्त माझी आई शेजारणींना सांगायची, "डबामा मन्हा पोऱ्या शे."

"तोंड दखाड, मंग मानसूत," त्या म्हणायच्या.

शेवटच्या भागात डबा काढायचा, हे हेमराजने कबूल केलं होतं. मी दाढी केली, शूटिंगही झालं.

तो भाग लागला तेव्हा आमच्या ओट्यावर वीस बायका जमल्या होत्या. डबा निघाला. आत हेमराजचे दाजी, आखाजीच्या सणाला सासरवाडीला आलेले.

मी बाजूला जाऊन हेमराजला फोन लावला.

"त्यास्ले हौस उनी, मंग परत शूटिंग कयं," तो म्हणाला. "आखाजीले जावईले नाही म्हनता येस का, भाऊ?"

परत आलो तर ओटा रिकामा. आई एकटीच बसलेली. आता ही हेमराजच्या घरी जाऊन भांडणार, असं वाटलं.

ती माझ्याकडे बघत म्हणाली, "आकरा आठवडा तू माले उल्लू बनाई ऱ्हायना?"