सीटखालची पट्टी

तिचा नवरा उंच तारेवर एकचाकी सायकल चालवायचा. पण मध्यंतरी तारेवरून पडला, त्यातून बरा झाल्यापासून तो एकदाही तारेवर चढला नव्हता. खाली जमिनीवर सराव करायचा, पण खेळाची वेळ झाली की सायकलची सीट नेमकी मधोमध तडकलेली असायची आणि तेवढा खेळ रद्द व्हायचा.

"तुझ्या नवऱ्याचं वजन वाढलंय, दुसरं काय," मोठे दीर म्हणाले. खेळाचा सगळा कारभार त्यांच्याच हातात. "उद्या पुन्हा सीट मोडली, तर मी दुसरा माणूस बघतो."

पत्र्याचे डबे आणि पेट्या करण्यात तिचा हात बसलेला, म्हणून दुपारीच ती कामाला लागली. जाड पोलादी पट्टी कापली, सीटच्या आकाराप्रमाणे ठोकून ठोकून वळवली, कानशीने कडा घासल्या आणि खालून नटबोल्ट घट्ट आवळले. हाताला फोड आले, पण जीव भांड्यात पडला. देवाचं नाव घेऊन तिने सीट फरशीवर आपटून पाहिली. ती जराही वाकली नाही.

"अहो, घ्या," ती हसत म्हणाली. "आता हत्ती बसला तरी मोडायची नाही. भाऊजींना बोलायला जागाच ठेवली नाही मी."

नवऱ्याने सीट उलटी केली आणि पट्टीवरून सावकाश बोट फिरवलं.



मग खालच्या मानेने म्हणाला, "आता दादाला काय कारण सांगू गं?"