तिसरी हाक

या, जवळ सरकून बसा मायबाप, एका हाकेची गोष्ट सांगतो.

एका इमारतीचा चौथा मजला पेटला होता. माणसाच्या अंगाची ऊब हुडकणारं यंत्र म्हणालं, "आत कुणी नाही." त्यानंतरही आत शिरणाऱ्या अग्निशमन दलाच्या जवानाची नोकरी जायची.

"खाली उतरा, रखमाजी! छत येतंय!" अधिकारी मॅडम ओरडल्या.

शिडीवरून रखमाजी म्हणाला, "तीन हाका मारल्याशिवाय घर रिकामं म्हणायचं नाही, तुम्हीच शिकवलंत ना? नोकरी घ्या हवी तर."

तिसऱ्या हाकेला आत भांडं वाजलं. रखमाजी आत शिरला. चिमुरडी कावेरी ओल्या गोधडीत गुरफटून बसली होती. शाळेत जवानांनीच तसं शिकवलं होतं. त्या गार गोधडीमुळेच ती यंत्राला दिसली नव्हती.

रखमाजीने तिला खिडकीतून साथीदाराच्या हाती दिलं, आणि छत त्याच्यावर कोसळलं.

देवापुढे दिवा लावाल, तेव्हा रखमाजीला आठवा.