डोंगरावरची भेग

खैंझाच्या आठवणीसाठी अख्खा गाव डोंगरउतारावर केळीच्या बागेत जमला होता. चार मुलं एकटीने वाढवत ती नऊ वर्षं बिनपगारी डोंगरावरची भेग मोजायची आणि पाऊस वाढला की घराघरांतून माणसं खाली हलवायची. आज सगळे तिचे गोडवे गात होते. तिची मुलगी नबिफो धापा टाकत वरून आली. "आजोबा, आईला पुरलं तेव्हा भेगेत हात जात होता. आज मी कमरेपर्यंत उतरले. उठा सगळे!" "आईच्या पंगतीत असलं अभद्र बोलतेस?" गावातला म्हातारा वामोनो खेकसला. लोक पुन्हा जेवू लागले. जमीन घरघरत होती. नबिफोने वामोनोची तान्ही नात उचलली आणि धूम ठोकली. "पोर पळवली!" शिव्या देत सगळे मागे धावले. ओढ्यापलीकडच्या टेकाडावर ती थांबली. वामोनोने मारायला हात उगारला, तो तसाच राहिला. मागे डोंगर कोसळत होता.