लाल अक्षरांतलं कोलेस्टेरॉल

कारखान्यातल्या बॉयलरवाल्याची ही फजिती मी लिहिणारच नव्हतो. पण डॉक्टरीणबाई त्याच्या बायकोच्या पोटातल्या बाळाची वाढ बघून "मस्त!" म्हणाल्या, तेव्हा त्याने ज्या ऐटीत मिशीवर ताव दिला, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

"पथ्य मी सांभाळलंय, बाई," तो म्हणाला. शेजारी बायको पोटावर हात ठेवून बसलेली.

मागच्या तपासणीला बाळ लहान भरलं होतं. या महिन्यात वाढलं नाही तर अवघड आहे, असं बाईंनी बजावलं होतं. त्यातच कारखान्याच्या शिबिरात बायकोचं रक्त तपासलं आणि कोलेस्टेरॉल लाल अक्षरांत आलं. त्याचा बाप भरल्या ताटावर छाती धरून गेलेला. आणि बॉयलरवाल्याला एकच ठाऊक, दाबाचा काटा लाल पट्टीत गेला की इंधन बंद. त्याने केलं बंद. तेल, लोणी, दूध, सगळंच. बायको उकडलेल्या भाज्या चिवडत बसायची आणि हा समोर पहारा द्यायचा.

आता त्याने तो रिपोर्ट दिमाखात टेबलावर ठेवला.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, गरोदरपणात हे वाढतंच! वाढायलाच हवं. बाळाचं अंग त्यातूनच भरतं. ही लाल खूण पोटात बाळ नसलेल्यांसाठी. हिचं आधीचं तर अगदी नॉर्मल होतं. बाळंतपण झालं की बघू परत. उपाशी कसली मारताय हिला?"

त्याने रिपोर्ट उचलून पुन्हा पाहिला. "मग... बाळ वाढलं कसं?"

"तुमच्या जिगरी दोस्ताला विचारा," बायको म्हणाली. आता तिला हसू आवरेना.

तो व्हरांड्यात आला. फोन लावला. हा दोस्त त्याच्याच पाळीतला, पण बॉयलर पुढच्या पाळीला सोपवायला थांबावं लागत नसल्याने आधी सुटायचा. रोज घरी जाताना वाट वाकडी करून "वहिनी, बऱ्या आहात ना?" विचारून जायचा. बॉयलरवाल्याला त्याचं केवढं कौतुक!

"अंडी," दोस्त चाचरत म्हणाला. "आणि लोणी लावलेला पाव. वहिनी भुकेने रडत होत्या रे. तुला सांगून तू ऐकणार होतास?"

"आणि अंडी उकडायचास कुठे?"

"आपल्याच बॉयलरवर. तुझ्या पाठीमागे."

आतून दोघी बायकांचं खदखदून हसणं ऐकू आलं. बॉयलरवाल्याने शिवी द्यायला तोंड उघडलं, पण हात मिशीऐवजी डोळ्यांकडे गेला.

"गाढवा," तो कसाबसा म्हणाला, "शब्द देतो. उद्यापासून अंडी मी उकडणार. मीठ तेवढं तू आण."