डावीकडं आणलेलं स्टिअरिंग

स्टिअरिंग पुन्हा अडकलं, तेही एल आल्तोच्या भर बाजारात, ऐन वळणावर. निकानोरनं दोन्ही हातांनी जोर लावला, पाय रोवले, आठवतील तेवढ्या संतांना हाका मारल्या. पिकअप सरळच गेली आणि संत्र्यांच्या ढिगापाशी कशीबशी थांबली. संत्री वाचली, पण मागची बटाट्याची पोती रस्त्यावर फुटली.

"विकून टाकायची," शेजारी बसलेली त्याची बायको हर्मिनिया म्हणाली. "आजच्या आज."

पिकअप मूळची जपानची, तिकडं कुणीतरी मन भरेपर्यंत वापरलेली. इकडं बोलिव्हियात आल्यावर तिचं उजवीकडचं स्टिअरिंग काढून डावीकडं बसवलं होतं. अशा गाड्या इथं गल्लोगल्ली आहेत आणि बिनतक्रार धावतात. ही मात्र महिना उलटला की हटून बसायची. तिला अजून माहेरची बाजू आठवते, असं शेजारी म्हणायचे.

खरं सांगायचं तर हर्मिनियाचा राग स्टिअरिंगवर नव्हताच. गाडी दुरुस्त झाली की विधी आला. गाडीला हार घालायचा, रंगीत कागदाचे तुकडे उधळायचे, चाकांवर आणि बॉनेटवर बियर शिंपडायची, थोडी पाचामामाला, म्हणजे धरतीमातेला द्यायची. शेवटी गाडीच्या धर्मपित्यानं, म्हणजे विधीत तिला लेक मानलेल्या माणसानं, काठोकाठ पेला भरून द्यायचा आणि चालवणाऱ्यानं तो स्टिअरिंगवर बसूनच संपवायचा. नाही म्हटलं तर गाडीला अपशकुन आणि धर्मपित्याचा अपमान. पिकअपचा धर्मपिता होता साबिनो, त्या नात्यानं निकानोरचा कंपाद्रे, म्हणजे मानलेला भाऊ. तो मनानं मोठा आणि पेला त्याहून मोठा.

आणि निकानोरनं दारू सोडली होती. कोपाकबानाच्या कुमारीमातेसमोर, हर्मिनियाचा हात हातात धरून. त्याआधीची वर्षं तिनं कशी काढली ते तिचं तिलाच ठाऊक. "पुन्हा प्यायलास तर मी ओरुरोला बहिणीकडं जाईन, आणि परत येणार नाही," असं तिनं तिथंच बजावलं होतं.

पण प्रत्येक विधीत ती पाहायची, भरलेला पेला खिडकीतून आत जायचा आणि रिकामा बाहेर यायचा. नवऱ्याच्या शर्टाला वास यायचा. विचारायची तिला हिंमत होत नव्हती. उत्तर खरं निघालं तर ओरुरोची बस धरावी लागली असती, आणि ती तिला धरायची नव्हती. गाडी गेली की विधी बंद आणि पेला बंद, एवढाच तिचा हिशेब होता.

"संध्याकाळी गिऱ्हाईक येतंय," तिनं विल्डर मेकॅनिकला सांगितलं. "नुसतं तेल सोडून परत देऊ नकोस. या वेळी पार मुळापर्यंत उघड."

विल्डरनं डॅशबोर्ड उतरवला, स्टिअरिंगचा दांडा बाहेर काढला आणि त्याच्या सांध्यावर बोट फिरवलं. बोटाला काळपट, काकवीसारखं काहीतरी चिकटलं. तेवढ्यात बियरचा क्रेट खांद्यावर घेऊन साबिनोही येऊन पोचला. दुरुस्ती म्हटल्यावर त्याला बोलावणं लागत नसे.

"ताई, वास घ्या जरा." विल्डरनं बोट पुढं केलं.

हर्मिनियानं वास घेतला. बियर. म्हणजे हा गाडी चालवतानाही पितो?

"सांडलेली नाही ही," विल्डर म्हणाला. "ओतलेली आहे. पेलेच्या पेले. स्टिअरिंग इकडं आणताना ही फट राहिलीय ना, तिच्यातून. ती सगळी आत वाळते, मग सांधा फिरणार कसा?"

सगळ्यांनी निकानोरकडं पाहिलं. तो टोपी पिळत उभा होता.

"कंपाद्रेला नाही कसं म्हणायचं?" तो पुटपुटला. "आणि शपथ तरी कशी मोडायची? तो स्वतःचा पेला भरायला वळला की मी इथं ओतायचो. मला वाटलं, खाली गळत असेल. पाचामामालाच पोचतेय."

"एक घोटही नाही?" हर्मिनियानं त्याच्या हातातली टोपी खेचून घेतली.

"जिभेला थेंब लागला नाही."

"मग मला का नाही सांगितलंस, मेल्या?"

"तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळच्या आत कंपाद्रेला कळलं असतं."

"इतके पेले!" साबिनो ओरडला. "माझ्या बियरचे!" तो डोळे वटारून निकानोरकडं बघत राहिला. मग त्याचं पोट हलायला लागलं. "तरीच! धर्मपित्यावर गेलीय पोर!"

हर्मिनिया हसत सुटली. हसता हसता रडली आणि मेकॅनिकच्या देखत तिनं नवऱ्याला घट्ट मिठी मारली. इतकं हलकं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

"गिऱ्हाइकाला काय सांगू?" विल्डरनं विचारलं.

"सांग, गाडी आजारी नव्हतीच, आणि विकायचीही नाही," हर्मिनिया म्हणाली.

विल्डरनं सांधा धुतला, ग्रीस भरलं, दांडा बसवला आणि ती फट रबर ठोकून कायमची बंद केली. स्टिअरिंग एका बोटानं फिरायला लागलं. हार चढले, रंगीत कागद उडाले, चाकं न्हाली. आणि साबिनोचा हात सवयीनं खिडकीशी गेला. हातात पेला, काठोकाठ भरलेला.

निकानोरनं पेल्याकडं पाहिलं, मग बुजवलेल्या फटीकडं.

हर्मिनियानं पुढं होऊन साबिनोच्या हातातून पेला घेतला. "आण इकडं, भाऊजी. गाडीच्या वाटणीची आजपासून मी पिणार," ती म्हणाली, आणि एका दमात तिनं तो रिकामा केला.