कुऱ्हाड कुणाची?

धुळ्याच्या सेशन कोर्टात यशोदाबाई साक्षीला उभी राहिली. शिंदखेड्याजवळच्या शेतात, बांधाच्या भांडणात, तिच्या नवऱ्याला त्याच्याच चुलतभावाने, झुलालने, कुऱ्हाडीच्या एका घावात संपवलं होतं.

झुलालच्या वकिलाने टेबलावरची कुऱ्हाड दाखवली. "ही कुणाची?"

"आमनीच शे, साहेब."

"झुलाल शेतात आला तेव्हा त्याच्या हातात काय होतं?"

"काहीच नही."

"मग कुऱ्हाड कुठे होती?"

"आमना बांधवर पडेल व्हती."

निकाल लागला. आरोपी रिकाम्या हाताने आला, शब्दाने शब्द वाढला आणि रागाच्या भरात त्याने समोर पडलेली कुऱ्हाड उचलली. आधी काही ठरवलेलं दिसत नाही. म्हणून हा खून नव्हे, सदोष मनुष्यवध. फाशी टळली, सात वर्षांवर भागलं.

बाहेर व्हरांड्यात सरकारी वकील म्हणाले, "बाई, त्याने आधी काही तयारी केली होती एवढं जरी दिसलं असतं ना..."

"तयारीनं माले काय माहीत? आमनी कुऱ्हाड बोथट व्हती, कपाशीनी वाळेल पऱ्हाटी बी तुटे ना. खूनना आदला दिन झुलालच मांगीसन लई गया. खून व्हयना त्याच दिन सकायमा धार लाईसनी परत दी गया."

वकील जागीच थांबले. "हे आत का नाही सांगितलंत?"

"इचारतीन तितलंच सांगजो, आसं तुम्हीनच सांगेल व्हतं." यशोदाबाईने पदर सावरला. "माले वाटनं, मांगेल वस्तू धार लाईसनी परत करस, गुनी मानूस शे. मीनच त्याले चहा पाजा."