लागलं का?
अंजनाबाईंच्या पाठीवर फिकट चट्टा होता. त्यांना डोळे मिटायला सांगून आशासेविका प्रीती त्यावर कापूस टेकवत विचारत होती, "लागलं का, मावशी?" स्पर्श कळला नाही तर महारोग ठरेल, मग सून नातवाला मांडीवर देणार नाही, ही अंजनाबाईंची धास्ती. प्रीतीचा हात हलला की बांगड्या किणकिणत आणि अंजनाबाई लगेच म्हणत, "लागलं वं!" नातवाला कडेवर घेऊन दारात उभी सून म्हणाली, "बुढीले तं माझं बोलणंबी लागते!" प्रीतीला मात्र शंका आली. तिनं दुसऱ्या हातानं बांगड्या घट्ट धरल्या. "काहून थांबली वं, पोरी?" "थांबली नाई, मावशी. कापूस लावूनच राहिली," प्रीती म्हणाली. "गोळ्या घरी आणून देईन. बरं होते हे." अंजनाबाईंनी डोळे उघडले नाहीत. सून दारातच आहे की नातवाला घेऊन गेली, हे त्यांना पाहायचं नव्हतं.